वाचकांचे प्रश्न : ती तेवीस मिनिटे गेली कुठे?

तारीख आणि वेळ हाताळणाऱ्या लायब्रऱ्यांविषयी (म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचांविषयी) या सदराकडे बरीच पत्रे साचली होती. त्यांपैकी निवडक सात पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीने दवाखान्यांसाठी रुग्णनोंदणीचे सॉफ्टवेअर तयार केले आहे. नोंदणी करणारी व्यक्ती पडद्यावरच्या कॅलेंडरमधून १५ ऑगस्ट १९९० ही जन्मतारीख निवडते आणि डेटाबेसमध्ये १४ ऑगस्ट पडते. प्रत्येक वेळी बरोबर एकच दिवस कमी होतो. तूर्त आम्ही नोंद वाचताना एक दिवस मिळवून दाखवतो. हे योग्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : योग्य नाही. तो मिळवलेला दिवस लवकरात लवकर काढून टाका, कारण उद्या तुमच्याच एखाद्या सहकाऱ्याने मूळ चूक दुरुस्त केली, की नव्या रुग्णांचे जन्म एक दिवस पुढे सरकतील आणि तेव्हा कोणाला काही उलगडणार नाही.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतील 'डेट' या प्रकाराचे नाव तारीख असले तरी त्याच्या पोटात तारीख नसते. तिथे १ जानेवारी १९७० रोजीच्या यूटीसी (जगाची समान प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून मोजलेल्या मिलिसेकंदांचा आकडा असतो, म्हणजेच काळाच्या रेषेवरचा एक क्षण असतो. तुम्ही कॅलेंडरात १५ ऑगस्टवर बोट ठेवता तेव्हा त्या दिवसातला कोणता क्षण घ्यायचा हे प्रोग्रॅमला स्वतःच ठरवावे लागते, आणि बहुतेक कॅलेंडरे त्या संगणकाच्या स्थानिक वेळेनुसार रात्रीचे बारा धरतात. नाशिकमध्ये १५ तारखेचे बारा वाजतात तेव्हा यूटीसीनुसार १४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सर्व्हरकडे जाताना जेसन या मजकुराच्या साच्यात हा क्षण यूटीसीतच लिहिला जातो, त्यामुळे पलीकडे '१९९०-०८-१४' आणि त्याच्या शेपटीला '१८:३०' असा मजकूर पोहोचतो. तिथे कोणी पहिली दहा अक्षरे कापून घेतली, की जन्म चौदा तारखेचा झाला. भारतात चालणाऱ्या एखाद्या डेटाबेसात तारखांमागे रांगेने '१८:३०' दिसू लागले, तर दुसरे काही न तपासता हे निदान करायला हरकत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. जन्मतारीख हा क्षण नव्हे, ती केवळ कॅलेंडरातील एक चौकट आहे आणि तिला टाइम झोन नसतो. ब्राउझरकडून ती 'वर्ष-महिना-दिवस' अशा साध्या मजकुराच्या रूपातच पाठवा, पायथॉन या भाषेत ती 'डेट' या वर्गात ठेवा ('डेटटाइम'मध्ये नव्हे), आणि डेटाबेसातही तो रकाना निव्वळ तारखेचा असू द्या. पायथॉनमध्ये 'डेटटाइम' हा 'डेट'चाच उपवर्ग आहे, त्यामुळे 'ही तारीख आहे का' असे तपासणाऱ्या कोडला वेळ चिकटलेली तारीखही चालून जाते. तिथे नेमका वर्ग तपासा.

आधी बिघडलेल्या नोंदींचे काय, हा खरा कष्टाचा भाग आहे. वेळेचा तुकडा शिल्लक असेल तर सगळ्यांना सरसकट साडेपाच तास मिळवावेत असे वाटेल, पण तसे करू नका. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे होती, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे, आणि आजचे ब्राउझर हा इतिहास जाणतात. त्यामुळे १० मार्च १९४४ रोजी जन्मलेल्या आजींची नोंद ९ मार्च, १७:३० अशी गेलेली असेल आणि साडेपाच तास मिळवूनही ती ९ मार्चच्या रात्री अकरापाशीच अडकेल. दवाखान्याच्या यादीत ऐंशीच्या पुढचे रुग्ण कमी नसतात. म्हणून हाताने बेरीज न करता 'एशिया/कोलकाता' हा झोन वापरून लायब्ररीकडूनच रूपांतर करून घ्या. वेळेचा तुकडा कापला गेला असेल, तर मात्र बिघडलेली आवृत्ती कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत चालू होती हे शोधून तेवढ्याच नोंदी दुरुस्त कराव्या लागतील, आणि शंका आली तिथे कागदावरची नोंद पाहावी लागेल.

प्रश्न : जुन्या सभासदांच्या यादीत जन्मवर्ष दोन आकडी आहे. पायथॉनने '७१' चे १९७१ केले, पण '६२' चे २०६२ केले. असे का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : कारण तसा नियमच आहे. दोन आकडी वर्ष वाचताना ६९ ते ९९ हे आकडे १९६९ ते १९९९ मानले जातात आणि ०० ते ६८ हे २००० ते २०६८ मानले जातात. जन्मतारीख भविष्यातली असू शकत नाही, तेव्हा आजच्या पुढे गेलेल्या वर्षातून शंभर वजा करा. शंभरीच्या आसपासचे सभासद असतील तर त्यांना प्रत्यक्ष विचारण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : मी पायथॉनमध्ये अपॉइंटमेंट नोंदवण्याचा प्रोग्रॅम लिहिला. 'पायटीझेड' लायब्ररीतून एशिया/कोलकाता हा झोन घेतला आणि डेटटाइम तयार करताना 'टीझेडइन्फो' (झोनची माहिती) म्हणून दिला. सकाळी दहाची वेळ लोकांना ९ वाजून ३७ मिनिटे अशी दिसते. ही तेवीस मिनिटे गेली कुठे? आणि यादीत 'एशिया/मुंबई' का नाही, हाही एक मुंबईकर म्हणून प्रश्न आहे. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमची तेवीस मिनिटे एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात गेली आहेत.

टाइम झोनचा जो सार्वजनिक माहितीसाठा जगभरातल्या लायब्रऱ्या वापरतात, त्याची सुरुवात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी केली. २०११ पासून तो आयएएनए ही संस्था सांभाळते. त्यात प्रत्येक झोनचा केवळ आजचा फरक नसतो, घड्याळे कधी आणि किती सरकली याची पूर्ण वंशावळ असते. एशिया/कोलकाताची वंशावळ कलकत्त्याच्या स्थानिक सूर्यवेळेपासून सुरू होते, जी ग्रीनिचपेक्षा ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद पुढे होती. त्यानंतर १८७० पासून मद्रासची वेळ येते, म्हणजे ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. आणि १ जानेवारी १९०६ पासून आपली ओळखीची साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ. पायटीझेडची रचना अशी आहे, की झोन नुसता उचलून डेटटाइमला चिकटवला तर या वंशावळीतील पहिलीच नोंद वापरली जाते. तिच्या हिशेबाने सकाळचे दहा म्हणजे यूटीसीचे ४ वाजून ७ मिनिटे. तो क्षण पुढे कोणी आजच्या प्रमाणवेळेत दाखवला की ९:३७ होणारच.

पायटीझेडमध्ये यासाठी 'लोकलाइझ' ही वेगळी पद्धत दिलेली आहे. ती तारीख पाहून वंशावळीतील योग्य टप्पा निवडते. हे बंधन निष्काळजीपणातून आलेले नाही. त्या काळातील डेटटाइमच्या रचनेत घड्याळ मागे घेतल्यावर दोनदा येणारा तास वेगळा ओळखण्याची सोयच नव्हती, म्हणून लायब्ररीच्या कर्त्यांनी ही वाट काढली. पायथॉन ३.६ मध्ये ती सोय 'फोल्ड' या नावाने आली आणि २०२० मध्ये ३.९ बरोबर 'झोनइन्फो' हे अंगभूत मॉड्यूल मिळाले, ज्यात झोन थेट टीझेडइन्फो म्हणून दिला तरी उत्तर बरोबर येते. नवा प्रोग्रॅम असेल तर झोनइन्फोच वापरा. विंडोजवर मात्र 'टीझेडडेटा' हे पॅकेज सोबत बसवावे लागते, कारण हा माहितीसाठा विंडोजबरोबर येत नाही.

झोनचे पूर्ण नाव लिहायचा कंटाळा करून 'आयएसटी' हे लघुरूप वापरू नका, एवढे यातच सांगतो. ते भारताचे आहे, इस्रायलचे आहे आणि आयर्लंडचेही आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसात काही न बदलता आयएसटी लिहिले तर त्याचा अर्थ इस्रायलची प्रमाणवेळ असा होतो आणि तुमची अपॉइंटमेंट साडेतीन तासांनी चुकते.

आता मुंबईविषयी. १९७० पासून ज्या प्रदेशातील घड्याळे सतत एकसारखी चालली, त्याला एक झोन आणि त्या झोनला तिथल्या एका मोठ्या शहराचे नाव, असा त्या माहितीसाठ्याचा संकेत आहे. भारतासाठी ते नाव कलकत्त्याचे पडले, पुढे शहराचे नाव बदलले तसे झोनचेही बदलले, आणि जुने 'एशिया/कॅलकटा' हे नाव पर्यायी म्हणून आजही चालते. यात मुंबईचा अपमान नाही, पण मुंबईचा एक तुकडा खरोखरच हरवला आहे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबई शहरात 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता आणि तो प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी मागे होता. हा फरक १९७० च्या आधीचा असल्यामुळे कोणत्याही लायब्ररीला तो ठाऊक नाही. एखाद्या जुन्या जन्मपत्रिकेवर 'मुंबई टाइम' असे लिहिलेले असेल आणि ती वेळ तुम्हाला संगणकात भरायची असेल, तर ती एकोणचाळीस मिनिटे तुम्हालाच मिळवावी लागतील.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील काही पालक मुलांसाठी तबल्याचा ऑनलाइन वर्ग चालवतो. गुरुजी कोल्हापुरात असतात. वर्ग दर शनिवारी आमच्या सकाळी आठला. सर्व वेळा यूटीसीतच साठवाव्यात हा नियम मी काटेकोर पाळला, तरी नोव्हेंबरात मुलांना सातचे निमंत्रण गेले. चूक कुठे झाली? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : त्या नियमातच. 'सगळे यूटीसीत साठवा' हा सल्ला घडून गेलेल्या गोष्टींसाठी उत्तम आहे. पैसे कधी जमा झाले, दार कधी उघडले, संदेश कधी आला, हे क्षण आहेत आणि ते बदलणार नाहीत. तुमचा वर्ग मात्र क्षण नाही. तो 'न्यू जर्सीच्या घड्याळात शनिवारी सकाळी आठ वाजलेले असताना' असा एक करार आहे, आणि करार जसा झाला तसाच लिहून ठेवला पाहिजे.

अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. उन्हाळ्यात तुमचे सकाळचे आठ म्हणजे यूटीसीचे दुपारचे बारा आणि कोल्हापूरचे संध्याकाळचे साडेपाच. हिवाळ्यात तेच आठ म्हणजे यूटीसीचा एक आणि कोल्हापूरचे साडेसहा. तुम्ही उन्हाळ्यात 'बारा यूटीसी' साठवले आणि नोव्हेंबरानंतर त्याच बाराचे तुमच्याकडे सात वाजू लागले. म्हणून साठवायच्या गोष्टी तीन : वार, 'आठ वाजता' ही घड्याळावरची वेळ, आणि 'अमेरिका/न्यूयॉर्क' हे झोनचे नाव. प्रत्येक आठवड्याचा प्रत्यक्ष क्षण आयत्या वेळी लायब्ररीकडून काढून घ्यायचा. झोनचे नावच हवे, 'उणे पाच तास' असा आकडा चालणार नाही, कारण आकड्याला नियम माहीत नसतात आणि नियम बदलतातही. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक प्रदेशातून ही उन्हाळी वेळ काढून टाकली. सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा शुक्रवारच गाळला. तिथे गुरुवारनंतर थेट शनिवार उजाडला. नाव साठवलेले असेल तर माहितीसाठा अद्ययावत केला की काम होते.

एक प्रश्न मात्र तुमची लायब्ररी सोडवू शकणार नाही. वर्गाचे घड्याळ कोणाचे, मुलांचे की गुरुजींचे? गुरुजींचा साडेसहानंतर दुसरा वर्ग असेल, तर हिवाळ्यात त्यांची अडचण होणार आणि करार कोल्हापूरच्या घड्याळाने करावा लागेल. हे आधी त्यांच्याशी बोलून ठरवा आणि मग कोड लिहा.

याच संदर्भात पायथॉनची एक खोड सांगतो, जिने माझीही एक रात्र खाल्ली आहे. दोन वेळांना एकच झोन असेल तर त्यांची वजाबाकी करताना पायथॉन झोनकडे पाहतच नाही, घड्याळावरचे आकडे वजा करतो. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी न्यूयॉर्कच्या रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत प्रत्यक्षात तेरा तास जातात, कारण त्या रात्री घड्याळ मागे येते. पायथॉन बारा सांगतो. हा दोष नसून ठरवून केलेली रचना आहे, असे दस्तऐवजात लिहिलेले आहे, आणि मला ती आजही पटलेली नाही. रात्रपाळीचा पगार मोजायचा असेल तर दोन्ही वेळा आधी यूटीसीत नेऊन मगच वजाबाकी करा. तसेच त्या रात्री दीड वाजता ही वेळ दोनदा येते. कोणती घ्यायची हे फोल्डने सांगता येते : शून्य म्हणजे पहिली, एक म्हणजे दुसरी. उलट ८ मार्च २०२६ रोजी तिथे रात्रीचे अडीच वाजतच नाहीत, तरी पायथॉन ती वेळ तयार करू देतो, तक्रार करत नाही.

प्रश्न : पायथॉनमध्ये 'यूटीसीनाऊ' घेऊन त्याचा टाइमस्टॅम्प (१९७० पासून मोजलेले सेकंद) काढला तर माझ्या लॅपटॉपवर १९,८०० सेकंदांची चूक येते, पण तोच कोड सर्व्हरवर बरोबर चालतो. मग चूक माझ्या लॅपटॉपची का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : १९,८०० सेकंद म्हणजे साडेपाच तास, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. लॅपटॉप निर्दोष आहे.

पायथॉनमध्ये डेटटाइम दोन जातीचे असतात. ज्याला झोन जोडलेला आहे त्याला जाणता म्हणू आणि ज्याला नाही त्याला भोळा म्हणू. यूटीसीनाऊ तुम्हाला यूटीसीची वेळ देतो खरा, पण ती भोळी देतो. ही वेळ यूटीसीची आहे हे तिच्यावर कुठेच लिहिलेले नसते. टाइमस्टॅम्प काढणारी पद्धत भोळी वेळ दिसली की ती स्थानिक वेळ आहे असे धरते आणि तुमच्या लॅपटॉपच्या स्थानिक वेळेप्रमाणे साडेपाच तास आणखी वजा करते. सर्व्हरची स्थानिक वेळच यूटीसी असल्यामुळे तिथे शून्य वजा होते आणि चूक झाकली जाते. चुकीचा कोड सर्व्हरवर योगायोगाने बरोबर चालतो आणि लॅपटॉपवर त्याचे बिंग फुटते, असा हा प्रकार आहे. यूटीसीनाऊ पायथॉन ३.१२ पासून कालबाह्य ठरवला आहे. त्याऐवजी 'नाऊ'लाच यूटीसी हा झोन द्या, म्हणजे जाणती वेळ मिळेल.

जाता जाता एक गंमत. टाइमस्टॅम्पची मोजणी जिथून सुरू होते त्या १ जानेवारी १९७० च्या शून्य वाजता खुद्द लंडनमधील घड्याळे रात्रीचा एक दाखवत होती, कारण ब्रिटन १९६८ ते १९७१ या काळात वर्षभर एक तास पुढे होते. त्या क्षणी पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजले होते.

प्रश्न : ३१ जानेवारीला दिलेल्या कर्जाचा दरमहा हप्ता काढताना फेब्रुवारीत काय करावे? दोन प्रोग्रॅम दोन तारखा देतात. (एक वाचक, लातूर)

उत्तर : दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. जावाच्या नव्या 'जावा टाइम'मध्ये आणि पायथॉनच्या 'डेटयूटिल'मध्ये एक महिना मिळवला की तारीख फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी थांबते. जावास्क्रिप्टमध्ये महिना बदलला की उरलेले दिवस पुढे सांडतात आणि ३ मार्च येतो, लीप वर्षी २ मार्च. पायथॉनच्या मूळ 'टाइमडेल्टा'त महिना हे एककच नाही. तुमच्या करारपत्रात 'महिन्याचा शेवटचा दिवस' असे लिहिले असेल तर पहिला नियम घ्या. मात्र प्रत्येक हप्ता मूळ ३१ जानेवारीपासून मोजा. मागील हप्त्यात एक महिना मिळवत गेलात तर २८ फेब्रुवारीनंतर २८ मार्च येईल आणि ३१ तारीख कायमची हातची जाईल.

प्रश्न : मी शाळेसाठी ऐतिहासिक दिनविशेषांचा प्रोग्रॅम करतो आहे. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पायथॉनला दिली तर तो मंगळवार सांगतो. आमच्याकडील पुस्तकात शुक्रवार आहे. पुस्तक चुकले की पायथॉन? (एक शिक्षक, सातारा)

उत्तर : पुस्तक बरोबर आहे, आणि पायथॉननेही खोटे सांगितलेले नाही, त्याने वेगळ्याच कॅलेंडरातील १९ फेब्रुवारीचा वार सांगितला.

आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्ये आले. त्या वर्षी स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतील राज्यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरला. इंग्लंडने मात्र हा बदल १७५२ पर्यंत मानला नाही. तिथे त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. मराठ्यांच्या इतिहासातील सतराव्या शतकाच्या ज्या इंग्रजी तारखा आपण वाचतो त्या सहसा या जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या असतात. शिवजन्माची १९ फेब्रुवारी ही तशीच आहे. तेव्हा दोन कॅलेंडरांत दहा दिवसांचे अंतर होते, त्यामुळे तोच दिवस ग्रेगोरियन पद्धतीने १ मार्च १६३० होतो. ही तारीख पायथॉनला देऊन पाहा, तो शुक्रवारच सांगेल. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही तपासा : पायथॉन बुधवार म्हणेल, पण १६ जून दिलात की खरा शनिवार मिळेल.

पायथॉनचा डेटटाइम ग्रेगोरियन नियम मागे थेट इसवी सन १ पर्यंत ताणतो. ते कॅलेंडर तेव्हा अस्तित्वात होते की नव्हते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जावाच्या जुन्या 'ग्रेगोरियनकॅलेंडर'मध्ये १५८२ च्या आधी ज्युलियन आणि नंतर ग्रेगोरियन अशी सोय आहे, पण १६३० हे त्यानंतरचे असल्याने तुमचे काम तिथेही अडेल. बदलाची तारीख १७५२ वर नेऊन ठेवण्याची पद्धत मात्र त्यात आहे. हाताने करायचे असेल तर १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दहा आणि त्यानंतर अकरा दिवस मिळवा. १७५२ नंतरच्या इंग्रजी तारखांना हात लावू नका. पानिपतची १४ जानेवारी १७६१ जशीच्या तशी द्या, बुधवार येईल आणि तो बरोबर आहे.

यात आणखी दोन खड्डे आहेत. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे समकालीन इंग्रजी कागदात १६३० मधील फेब्रुवारी '१६२९' या सालाखाली सापडू शकतो. आणि पोर्तुगालने नवे कॅलेंडर आधीच स्वीकारलेले असल्याने, एकाच घटनेविषयी गोव्याच्या पोर्तुगीज पत्रावरची तारीख आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतील पत्रावरची तारीख यांत दहा दिवसांचे अंतर पडते. दोन्ही कागद खरे असतात.

तिथीवरून तारीख काढता येईल का, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. डेटटाइमसारख्या लायब्ररीला ते जमणार नाही. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की बदलते आणि त्या दिवसाला तिचे नाव सूर्योदयाच्या वेळेवरून मिळते. म्हणून एखादी तिथी दोन दिवस राहते, एखादीचा क्षय होतो, आणि त्यासाठी स्थळ आणि खगोलगणित दोन्ही लागते. तुमच्या तक्त्यात म्हणूनच चार रकाने ठेवा : पहिल्यात मूळ कागदातील मजकूर, म्हणजे 'फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१', अक्षरशः तसाच, दुसऱ्यात १९ फेब्रुवारी १६३० ही प्रचलित तारीख, तिसऱ्यात ती ज्युलियन आहे की ग्रेगोरियन, याची नोंद, आणि चौथ्यात प्रोग्रॅमने वार काढण्यासाठी वापरायची १ मार्च १६३०. मुलांना पडद्यावर पहिले दोनच रकाने दाखवा, वार मात्र चौथ्यावरून काढा.